आजोबांच्या ट्रंकेत शरणागतीचं पत्रक सापडलं. आजोबा शरण गेले होते का?

नौपाडकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली इमारत एकदाची पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर जागा खाली करून द्यायची आहे, म्हणून गेले दोन रविवार पोटमाळा उपसतोय. आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इटलीत. आम्हाला युद्धाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं होतं की तिकडे बोटभर लांबीच्या शेवया खातात आणि थंडी वाईट.

ट्रंकेत पट्टा, दोन पदकं आणि एक पत्र्याची डबी. डबीत चार घड्या घातलेला कागद. वर ठळक अक्षरांत एक शब्द, फोनला विचारलं तर उच्चार ‘पासियरशाइन’ असा आला. खाली चार-पाच ओळी जर्मन मजकूर. त्याच्याखालचा भाग फाटलेला आहे. फोनने तोडकंमोडकं भाषांतर दिलं: ‘शरण येण्याची प्रामाणिक इच्छा’, ‘निःशस्त्र करावे’, ‘जेवणाचा हक्क’. पहिली ओळ बरोबर घडीवर आल्यामुळे पुसट झालीय.

मी हौसेनं काकांना दाखवायला पाचपाखाडीला गेलो. काका ७८ वर्षांचे. त्यांनी चष्मा लावून भाषांतर वाचलं, कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, “हे कुणाला दाखवू नकोस. जाळून टाक.”

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. हा कागद आजोबांकडे असण्याचा अर्थ काय? ते शरण गेले होते, की जायच्या विचारात होते? आणि असे कागद वाचून खरंच कोणी शरण जातं का?

मिसळभक्त | ९.५२

आधी एक सांगा, जाळला नाही ना?

नौपाडकर | ९.५५

नाही हो. वहीत ठेवलाय.

तलावपाळी | १०.०३

जर्मन भाषेत आहे म्हणजे जर्मनांसाठीच असणार. आपल्या आजोबांना कुठे जर्मन येत होतं? काकांना म्हणावं निवांत झोपा.

चिकित्सक_चंपू | १०.२०

तलावपाळी, इतकं सोपं नाही. अशा परवान्यावर दोन भाषा असतात. एक ज्याने शरण यायचं त्याच्यासाठी आणि दुसरी ज्याच्याकडे यायचं त्या पहारेकऱ्यासाठी. समोरच्याला वाचताच आलं नाही तर तो गोळी घालणार. जर्मनांनी रशियन सैनिकांवर टाकलेल्या पत्रकांवरही रशियन मजकुराच्या जोडीला जर्मन मजकूर असायचा आणि शीर्षक हेच, ‘पासियरशाइन’. आता तुमच्याकडचा अर्धा कागद फाटलाय. त्या अर्ध्यात इंग्रजी असेल तर कागद जर्मनांसाठी. रोमन लिपीतलं हिंदुस्तानी असेल तर आपल्या लोकांसाठी. म्हणजे काकांची शंका अगदीच वेडगळ नाही.

नौपाडकर | १०.२४

झोप उडवलीत चंपूशेठ.

निवृत्त_सुभेदार | १०.४१

मी मराठा लाइट इन्फंट्रीचाच, अर्थात फार नंतरचा. बेळगावला घडलो. पहिली गोष्ट, शरण जाणं आणि भेकड असणं यांची गल्लत करू नका. ती गल्लत घरात बसून करता येते. दुसरी गोष्ट, इटलीत मराठ्यांनी काय केलं ते काकांना सांगा. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातला पोरगा, १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. घाडगे परत आले नाहीत.

आजोबांची पलटण कुठली होती? पदकांच्या कडेवर नंबर कोरलेला असेल तर बघा. नसेल तर पट्ट्याच्या आतल्या बाजूला.

घोडबंदर_ट्रॅफिक | ११.०५

मी रोज संध्याकाळी सहा वाजता माजिवड्याला शरण जातो. पत्रक कोणी टाकत नाही.

जुना_खिळेजुळारी | रविवार, सकाळी ७.१५

चाळीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली पहिली बारा खिळे जुळवण्यात. म्हणून कागदाबद्दल बोलतो, लढाईबद्दल नाही.

या पत्रकांचा कागद पातळ आणि आकार लहान असे, कारण विमानातून सोडल्यावर ते भिरभिरत पसरायला हवेत. गठ्ठा तसाच खाली आला तर धोंडाच. एका अमेरिकन कॅप्टनने, त्याचं नाव मन्रो, मेणकागदाच्या नळकांड्याचा एक बाँब बनवला होता. ठराविक उंचीवर तो फुटायचा आणि त्यातून ८० हजार पत्रकं उडायची. विमानाशिवाय तोफेनेही पत्रकं मारत. पंचवीस पौंडी तोफेच्या गोळ्यात स्फोटकाऐवजी पत्रकांची सुरळी भरायची. गोळा शत्रूच्या डोक्यावर आला की बूड उघडून कागद बाहेर.

नौपाडकर, तुमच्या कागदाच्या कडा तपकिरी आहेत का? शीर्षकाभोवती बारीक जाळीदार नक्षी आहे का? शेअर सर्टिफिकेटवर किंवा नोटेवर असते तशी?

नौपाडकर | ८.३०

कडा तपकिरी आहेत. नक्षी आहे, पुसट झालीय. तोफेतून आला असेल का मग?

जुना_खिळेजुळारी | ८.४४

कडा तपकिरी व्हायला तोफ लागत नाही. जुना कागद आपोआप होतो, माझ्या लग्नाची पत्रिकाही तशीच झालीय. नक्षी मात्र महत्त्वाची आहे. साध्या पत्रकाला एवढा खर्च कोणी करत नाही. ते मुद्दाम सरकारी कागदासारखं केलंय.

शब्दसखी | ११.१०

मी जर्मन शिकवते, वाशीत. काल रात्रीच धागा दिसला असता तर नौपाडकरांची झोप वाचली असती.

फोनचं भाषांतर ठेवा बाजूला. पहिली ओळ खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा आणि दिसतील तेवढी अक्षरं इथे देवनागरीत लिहा. अंदाजाने काही भरू नका.

नौपाडकर | ११.३५

‘डेर’, मग ‘ड’ आणि पुढे पुसट, ‘…चे’. मग ‘झोल्डाट’. मग ‘डेर डीझन पासियरशाइन’. पुढचं घडीत गेलंय.

शब्दसखी | ११.४२

डेर डॉइचे झोल्डाट! म्हणजे ‘जो जर्मन सैनिक हा परवाना दाखवेल…’

साधारण मजकूर असा लागतो: जो जर्मन सैनिक हा परवाना दाखवेल, तो शरण येण्याची आपली प्रामाणिक इच्छा त्यातून व्यक्त करत आहे. त्याची हत्यारं काढून घ्यावीत. त्याला चांगली वागणूक द्यावी. त्याला जेवण आणि गरज पडल्यास औषधोपचार मिळण्याचा हक्क आहे. त्याला शक्य तितक्या लवकर धोक्याच्या जागेपासून दूर न्यावं.

कागद दोस्त राष्ट्रांच्या बाजूने छापलेला, जर्मनांसाठी. फाटलेल्या भागात हाच मजकूर इंग्रजीत असणार, आपल्या बाजूच्या पहारेकऱ्यांना वाचायला, आणि खाली सेनापतीची सही. फ्रान्स-जर्मनीच्या आघाडीवर आयझेनहॉवरची असायची, इटलीत अलेक्झांडरची.

तेव्हा काकांना सांगा, कुणी शरण गेलंच असेल तर ते आजोबांना गेलं.

तलावपाळी | ११.४४

मी काल दहा वाजून तीन मिनिटांनी हेच म्हणालो होतो. नोंद असावी.

चिकित्सक_चंपू | ११.५८

नोंद घेतली. कारण चुकीचं होतं, उत्तर बरोबर होतं. शाळेत याला अर्धे गुण मिळतात.

नौपाडकर | १२.३०

शब्दसखी ताई, काय आभार मानू. काकांना फोन केला. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “जाळलास का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “बरं.” काकांकडून ‘बरं’ म्हणजे खूप झालं.

पण दुसरा प्रश्न राहिलाच. असल्या कागदाने खरंच कोणी शरण येतं?

घोडबंदर_ट्रॅफिक | १२.५१

ब्रिटिशांचे सेनापती हॅरिस आठवले. युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्यांची विमानं जर्मनीवर रात्री-रात्री बाँबऐवजी पत्रकं टाकत होती. हॅरिस नंतर म्हणाले की त्यातून एकच गोष्ट साधली, युरोपची पाच वर्षांची शौचालयाच्या कागदाची गरज भागली. यावर चर्चा संपवायला हरकत नाही.

बेलापूर_बुरूज | दुपारी १.३०

चर्चा तर आता सुरू होतेय. हॅरिस म्हणतात ती १९३९ ची गोष्ट. जर्मनी जिंकत होता, पोट भरलेलं होतं. तेव्हा ‘शरण या’ म्हणणाऱ्याला हसणारच. तोच कागद १९४५ मध्ये वेगळा वाचला जातो.

आणि हा प्रकार आपल्याला नवा नाही. आपल्याकडे याला ‘कौल’ म्हणत. किल्ल्याला वेढा घातला की आतल्यांना कौल पाठवायचा: किल्ला खाली करून द्या, जिवाला आणि मालमत्तेला धक्का लागणार नाही. ‘दाती तृण धरून शरण’ हा शब्दप्रयोग त्याच दुनियेतला. दातात गवताची काडी धरली की मी तुझी गाय, मला मारू नकोस. त्या जर्मनाच्या हातातला कागद म्हणजे छापील गवताची काडी.

कौल नाकारणाऱ्यांतला आपला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे मुरारबाजी. १६६५, पुरंदर. सभासद बखरीत आहे की त्याचं शौर्य पाहून दिलेरखानाने त्याला कौल देऊ केला, तुला नावाजतो म्हणाला. मुरारबाजीने सुनावलं की शिवाजी महाराजांचा शिपाई तुझा कौल घेतो की काय. आणि तसाच लढत पडला.

मिसळभक्त | १.४२

वाचताना अंगावर काटा. पण बुरूजकाका, मुरारबाजी लक्षात राहिला कारण तो एक होता. कौल घेऊन खाली उतरलेल्या शेकडो किल्लेदारांची नावं कोणाला पाठ आहेत?

बेलापूर_बुरूज | २.१५

खरंय, आणि उतरणारे सगळे भेकड नव्हते. मुख्य प्रश्न असतो देणाऱ्याच्या शब्दाला वजन किती. १६८९ मध्ये रायगड वाटाघाटी करूनच दिला गेला. मोगलांच्या कैदेतून शाहू सुटले १७०७ ला, येसूबाई १७१९ ला. तीस वर्षं! दुसरीकडे आपल्या शेजारचं वसई. मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांनी तह केला. चिमाजीअप्पांनी त्यांना हत्यारं, बायकामुलं, सामानसुमान घेऊन मानाने बाहेर जाऊ दिलं. दिलेला शब्द पाळला की पुढच्या किल्ल्यापर्यंत तो आपोआप पोचतो, पत्रक छापावं लागत नाही.

(अवांतर: दोन वर्षं आधी, १७३७ मध्ये, ठाण्याचा किल्ला घेतला होता. तिथे आता तुरुंग आहे. किल्ला जिंकल्यावर आत कोणी राहायला गेलं तर असं होतं.)

तलावपाळी | २.२०

आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत. शरणागतीचा सगळ्यात गोड आवाज.

निवृत्त_सुभेदार | ४.०५

बुरूजसाहेबांचा मुद्दा पकडून १९७१ सांगतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जनरल माणेकशांचे संदेश आकाशवाणीवरून पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला जात होते आणि तीच पत्रकं विमानातून पडत होती. मतलब असा: तुम्ही वेढले गेला आहात, पळायची वाट नाही, हत्यारं खाली ठेवा, सैनिकाला साजेशी वागणूक मिळेल, जिनिव्हा करार पाळला जाईल. यातली खरी मेख न छापलेली होती. पाकिस्तानी जवानाला भारतीय फौजेपेक्षा मुक्तिवाहिनीची, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची, भीती जास्त होती. नऊ महिने तिथे जे केलं त्याचा हिशोब कोण मागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ‘आमच्याकडे या’ हे वाक्य धमकीसारखं नाही, सुटकेसारखं ऐकू आलं.

११ डिसेंबरला टांगाईलजवळ २ पॅरा ही आपली छत्रीधारी बटालियन उतरली. बातम्यांत पाच हजार छत्रीधारी उतरल्याचं आलं. प्रत्यक्षात एक बटालियन! ती चुकीची बातमी शंभर पत्रकांना भारी पडली असेल. १६ तारखेला ढाक्यात पहिली शिरली ती हीच पलटण. आपल्या जनरल नागरांनी पाकिस्तानी सेनापती नियाझींना चिठ्ठी पाठवली, मी आलोय म्हणून. संध्याकाळी रमणा रेसकोर्सवर सह्या. एकूण ९३ हजार युद्धकैदी.

आता मराठी माणसासाठी गंमत. २ पॅरा म्हणजे पूर्वीची मराठ्यांची तिसरी बटालियन. यशवंत घाडगे ज्या बटालियनमध्ये पडले तीच.

नौपाडकर | ४.२०

सुभेदार साहेब, पदकावर नंबर नाही. पट्ट्यावर आत शाईने ‘३/५’ आणि पुढे चार आकडे दिसतात.

निवृत्त_सुभेदार | ४.२८

३/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी. तीच. एकदा काकांना सॅल्यूट सांगा माझा.

एक_वाचक | सायं. ६.१०

सगळे भावूक होत आहेत म्हणून नावडतं बोलतो. आजोबा इटलीत लढले ते इंग्रजांसाठी. घरी ‘चले जाव’ चालू असताना. जी पत्रकं आपल्या सैनिकांवर पडत होती त्यांत निदान ‘तुम्ही कोणासाठी मरताय’ हा रास्त प्रश्न होता. त्याबद्दल या धाग्यावर कोणी बोलत नाही.

बेलापूर_बुरूज | ६.४५

बोलूया की. पत्रकं आपल्या लोकांवर पहिल्या महायुद्धातही पडली होती. फ्रान्समध्ये जर्मनांनी हिंदी सैनिकांसाठी टाकली. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला खास कैद्यांची छावणी होती, तिथे ‘हिंदोस्तान’ नावाचं वर्तमानपत्र हिंदी-उर्दूत निघायचं. दुसऱ्या युद्धात मलायात जपान्यांचा मेजर फुजिवारा हिंदी सैनिकांना फोडायला पत्रकं आणि माणसं दोन्ही वापरत होता. १७ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरच्या फॅरर पार्कवर सुमारे ४५ हजार हिंदी कैदी त्याच्या आणि जपान्यांना मिळालेल्या कॅप्टन मोहनसिंगांच्या हवाली झाले, आझाद हिंद सेनेची सुरुवात तिथली. इंग्रज इतके हादरले की हिंदी सैनिकांची निष्ठा टिकवायला फौजेत ‘जोश’ गट काढले, आणि आझाद हिंदवाल्यांना ‘जिफ’ असं हिणवणारं नाव चिकटवलं.

पण फॅरर पार्क पत्रकाने घडलं नाही. सिंगापूर पडलं आणि गोरे अधिकारी वेगळे झाले तेव्हा घडलं.

एक_वाचक | ७.०२

तेच म्हणतो. प्रश्न रास्त होता.

निवृत्त_सुभेदार | ७.३०

प्रश्न रास्त होता. उत्तर प्रत्येकाने आपापलं दिलं. कोणी दुष्काळामुळे भरती झाला, कोणी गावात बापाची पलटण म्हणून. वीस वर्षांच्या पोराने खंदकात बसून साम्राज्यशाहीवर मत बनवावं ही अपेक्षा मला तरी जड वाटते. शेजारचा गाववाला पडला की माणूस त्याच्यासाठी लढतो, राजासाठी नाही.

शब्दसखी | ७.५५

सुभेदार काका, तुम्ही जे म्हणालात तेच दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांना दिसलं. शिल्स आणि जानोविट्झ, १९४८. त्यांनी जर्मन कैद्यांच्या मुलाखतींवरून मांडलं की जर्मन शिपाई शेवटपर्यंत टिकला तो हिटलरच्या विचारांमुळे कमी आणि आपल्या तुकडीतल्या सोबत्यांमुळे जास्त. तुकडी एकत्र असेपर्यंत ‘तुमचे नेते खोटे आहेत’ छापाच्या पत्रकांचा परिणाम नाही. तुकडी विखुरली, रसद तुटली, अधिकारी दिसेनासे झाले की मग कागद कामाला येतो. आणि सगळ्या पत्रकांत चाललं ते हेच, परवान्याचं. कारण त्यात वाद नाही. पुढे काय करायचं तेवढंच सांगितलंय, वर शिक्का, खाली सही. हुकूम पाळायची सवय असलेल्या माणसाला शरण जायचाही हुकूमच हवा असतो.

जपान्यांच्या बाबतीत शब्दच आडवा आला. ‘मी शरण येतो’ लिहिलेलं कोणी हातात धरेना. मग अमेरिकनांनी ‘मी प्रतिकार थांबवतो’ असं छापलं.

आणखी एक मजा. जर्मनांना सांगून पाहिलं की अमेरिकेतल्या कैद्यांना नाश्त्याला अंडी मिळतात. खरी गोष्ट! पण त्यांनी ती थाप समजून हसून सोडली. खरं असून उपयोग नाही, पटेल इतकंच खरं सांगावं लागतं.

मिसळभक्त | ८.०४

मिसळीवर दोनदा तर्री मोफत असं लिहिलं तर मीही संशय घेईन.

घोडबंदर_ट्रॅफिक | ८.२०

शौचालयाच्या कागदाचं विधान मागे घेतो. तरी दुसरी दोन उदाहरणं ठेवतो.

एक, कोरिया, एप्रिल १९५३. अमेरिकनांनी पत्रकं टाकली: मिग (रशियन बनावटीचं लढाऊ विमान) घेऊन या, पन्नास हजार डॉलर. पहिला येईल त्याला आणखी पन्नास हजार. सप्टेंबरमध्ये नो कुम-सोक नावाचा उत्तर कोरियाचा वैमानिक खरंच मिग घेऊन उतरला. बक्षिसाबद्दल विचारलं तर म्हणाला, मी त्याबद्दल ऐकलंच नव्हतं!

दोन, जपानी लेफ्टनंट ओनोडा, फिलिपिन्समधलं लुबांग बेट. १९४५ मध्येच त्याला पत्रक मिळालं की युद्ध संपलंय, डोंगरातून खाली या. त्याने ठरवलं ही शत्रूची चाल. १९७४ पर्यंत जंगलात! जुना वरिष्ठ मेजर तिथे जाऊन हुकूम वाचून दाखवेपर्यंत खाली आला नाही.

म्हणजे ज्याने वाचलं त्याला पटलं नाही, आणि जो आला त्याने वाचलंच नव्हतं.

चिकित्सक_चंपू | ८.३३

मोजायचं कसं हीच अडचण आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी फौजेवर २ कोटी ९० लाखांच्या आसपास पत्रकं टाकली. हजारो इराकी हातात तेच कागद धरून आले. पण त्यांच्यावर पाच आठवडे बाँबही पडत होते आणि पोटात अन्न नव्हतं. कागद हातात होता म्हणजे कागदामुळे आले असं नाही. छत्री हातात आहे म्हणजे छत्रीमुळे पाऊस पडतो असं नाही.

जुना_खिळेजुळारी | ८.५०

पण छत्री असली तर माणूस पावसात घराबाहेर पडतो ना, चंपूशेठ?

चिकित्सक_चंपू | ८.५६

… काका, हे चांगलं होतं. शरण.

तलावपाळी | ९.१०

धाग्यावरची पहिली अधिकृत शरणागती. निःशस्त्र करून मिसळ खायला घाला.

घोडबंदर_ट्रॅफिक | ९.१५

नौपाडकर, बिल्डरने तुमच्या सोसायटीत जी पत्रकं वाटली असतील त्यांचा मजकूर तपासा. ‘चांगली वागणूक मिळेल’, ‘शक्य तितक्या लवकर धोकादायक इमारतीतून हलवलं जाईल’. खाली सही कोणाची?

नौपाडकर | सोमवार, रात्री १०.२०

हसू नका, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खरंच सही करेनात. मुरारबाजी आहेत आमचे.

कागदाची पुढची गोष्ट. आज नेरूळला आत्याकडे गेलो होतो. आत्या काकांपेक्षा तीन वर्षांनी मोठी, आजोबांची लाडकी. कागद हातात दिला, तर तिने न वाचताच सांगितलं, “हा त्या पोराचा.”

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. “बाबा म्हणायचे, पहाटे पहाऱ्यावर होतो. नाल्यातून एक पोरगा वर आला, मिसरूडही फुटलं नव्हतं. दोन्ही हात वर आणि एका हातात हा कागद. बाबांनी बंदूक काढून घेतली, पाणी दिलं, बसवलं. पण कागद सोडीना. बाबांना तो हवा होता, गावी दाखवायला. त्याला वाटायचं पुढच्या चौकीवर कागद नसला तर मारतील. दोघांना एकमेकांची भाषा येईना. शेवटी बाबांनी मधोमध फाडला. खालचा इंग्रजीचा, सहीचा तुकडा त्याला दिला, तो पुढे चालणार होता. वरचा आपण ठेवला.”

मी विचारलं, मग काकांना हे कसं माहीत नाही? तर म्हणाली, “तो तेव्हा पतंग उडवत असेल.”

शब्दसखी | १०.३१

इंग्रजी मजकूर आपल्या पहारेकऱ्यांसाठीच होता. आजोबांनी बरोबर तोच त्याला परत दिला.

चिकित्सक_चंपू | १०.४४

गोष्ट सुंदर आहे म्हणूनच विचारतो. घडीवर कागद आपोआपही फाटतो. कड घडीच्या रेषेवर आहे का?

नौपाडकर | १०.५२

आत्ता भिंगातून पाहिलं. घड्या सरळ आहेत. फाटलेली कड वाकडी आहे, घडीच्या बोटभर खाली, इंग्रजी सुरू होणार त्याच्या जरा वर. हाताने फाडल्यासारखी. आत्या असंही म्हणाली की बाबा थापा छान मारायचे, तेव्हा चंपूशेठ, तुम्हाला हवं ते धरा.

निवृत्त_सुभेदार | ११.००

मला पटली. पहाऱ्यावरचा मराठा आठवण म्हणून काहीतरी ठेवणारच.

एक_वाचक | ११.०८

मी कालच्या मतावर कायम आहे. पण त्या पोराचं पुढे काय झालं असेल हा विचार जात नाही.

नौपाडकर | मंगळवार, सकाळी ८.०५

काकांचा सकाळी सहालाच फोन. कागद त्यांना फ्रेम करून हवाय, हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. मी म्हटलं परवा तर जाळायला सांगत होतात. म्हणाले, “परवा मला जर्मन येत नव्हतं.”

लॅमिनेशन करून घेऊ का आधी?

जुना_खिळेजुळारी | ८.०९

लॅमिनेशन अजिबात नको! उष्णतेने जो कागद वाचलाय तोही जाईल. मागे आम्लरहित पुठ्ठा लावा, काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये चौकटीची पट्टी ठेवा. आणि टीव्हीच्या वर नको, पश्चिमेची खिडकी समोर असेल तर पावसाळ्यानंतर चार महिन्यांत नक्षी उडेल.

नौपाडकर | ८.१५

समोरच आहे. काकांना समजावणं तुमच्याकडे देऊ का?

जुना_खिळेजुळारी | ८.१७

आधी कौल पाठवा. मग येतो.